सायकल कुरकुरते, तेव्हा काय सांगते?

गेल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा सुरू झाली आणि नववीतली एक मुलगी रोज पहिल्या तासाला गैरहजर दिसू लागली. हुशार मुलगी, कधी उशीर न करणारी. चौथ्या दिवशी आम्ही तिला बाजूला घेऊन विचारले. ती खाली पाहत म्हणाली, "सर, सायकल आवाज करते. अब्बा म्हणतात, चाक निखळून पडेल. म्हणून पायी येते."

तिची वाडी शाळेपासून सहा किलोमीटर दूर. सहा किलोमीटर येणे, सहा किलोमीटर जाणे. घरात बोलणे सुरू झालेले होते, की एवढी पायपीट करण्यापेक्षा आता शाळा पुरे. आवाज होता चाकाचा आणि बंद पडणार होते शिक्षण.

आम्ही तिच्या अब्बांना रविवारी सायकल घेऊन यायला सांगितले. ते आले, सलाम केला आणि आधीच म्हणाले, "सर, दुकानात दाखवली. नवीन चाक घ्या म्हणतात. सध्या जमणार नाही." आम्ही पुढचे चाक उचलून फिरवले. दळण दळल्यासारखी घरघर आली. मग रिम दोन बोटांत धरून डावीकडे-उजवीकडे हलवली, तर चाक कटकट करत दोन्ही बाजूंना सरकले. चाक नवे होते, रिम सरळ होती, तारा शाबूत होत्या. आजार होता तो मधल्या हबमध्ये. हब उघडला तेव्हा ग्रीसचा पत्ता नव्हता. लालसर गंजाची पूड होती आणि दोन छर्रे फुटलेले होते. चौकातल्या मिस्त्रींच्या मदतीने कोन बदलले, सगळे छर्रे नवे घातले, ग्रीस भरले. तासाभराचे काम. खर्च आला तो एका वेळच्या मटणापेक्षा कमी.

या प्रसंगात वडिलांची भीती खरी होती, हे आधी कबूल केले पाहिजे. तसेच चालवत राहिले असते तर चाक खरोखर दगा देऊ शकले असते. चूक फक्त एवढीच झाली, की आवाज ऐकून सायकल कोपऱ्यात लावली गेली. आवाज काय सांगतो, हे कुणी विचारले नाही. हकीमसाहेब नब्ज पाहतात, तशी सायकलचीही नब्ज पाहता येते. त्यासाठी महागडी हत्यारे लागत नाहीत. कान, दोन बोटे आणि थोडा सब्र पुरतो.

चाकावर काय गुजरते?

मोठ्या, अठ्ठावीस इंची सायकलच्या चाकाचा घेर साधारण सव्वादोन मीटर असतो. म्हणजे सहा किलोमीटरच्या वाटेवर चाक जवळजवळ २,७०० फेरे घेते. जाऊन-येऊन ५,४००. लहान चाकाचे त्याहून जास्त.

हबच्या आत लोखंडी दांडा असतो, त्याला ॲक्सल म्हणतात. तो फिरत नाही. त्याच्या दोन्ही टोकांना कोन बसवलेले असतात. हबच्या दोन्ही बाजूंना वाट्या असतात आणि वाटी व कोन यांच्यामध्ये छर्रे फिरतात. १८६९ साली पॅरिसमधील ज्यूल सुरिरे या कारागिराने सायकलसाठी छर्ऱ्यांच्या बेअरिंगचे पेटंट घेतले. आज आपल्या दारातली साधी सायकलसुद्धा त्याच कल्पनेवर पळते.

तारांचे, म्हणजे स्पोकचे काम त्याहून नवलाचे आहे. सर्व तारा ताणलेल्या असतात. चाकाचा जो भाग जमिनीला टेकतो, तिथल्या तारांचा ताण क्षणभर कमी होतो आणि चाक पुढे गेले की पुन्हा पूर्ववत होतो. प्रत्येक फेऱ्यात प्रत्येक तार अशी एकदा सैलावते, एकदा ताणते. कागदाची कड वरखाली दुमडत राहिलो तर ती शेवटी फाटते, तसेच तारेचे होते. म्हणून तार बहुधा हबजवळच्या वाकड्या मानेतच तुटते. सैल तारांचे चाक लवकर थकते, नीट ताणलेले चाक वर्षानुवर्षे टिकते.

आधी चार प्रश्न

आमचा अनुभव असा, की लोक आवाज ऐकताच तेलाची बाटली शोधतात. तेल शेवटी. आधी स्वतःला चार प्रश्न विचारावेत. फजरनंतर रस्ता शांत असतो, ती वेळ यासाठी उत्तम.

पहिला प्रश्न: पायडल मारणे थांबवले की आवाज थांबतो का? थांबत असेल, तर दोष बहुधा चाकात नाही. तो पायडल, कॉटर पिन, चेन किंवा चेनव्हीलच्या मधल्या बेअरिंगमध्ये शोधावा. पायडल थांबवूनही आवाज चालूच राहिला, तर चाकाकडे वळावे.

दुसरा प्रश्न: आवाज किती वेळाने येतो? साध्या सायकलवर पायडलच्या एका फेऱ्याला मागचे चाक साधारण अडीच फेरे घेते. टिक, टिक असा आवाज भरभर, चाकाच्या चालीने येत असेल तर कारण चाकावर आहे. पायडलच्या प्रत्येक फेऱ्याला एकदाच येत असेल तर कारण पायडलकडे आहे. दोन-अडीच पायडल झाल्यावर एकदा येत असेल तर चेनची एखादी कडी आखडलेली असते. आणि चाकाच्या चालीशी जुळता जुळत नाही, कधी येतो, कधी नाही, असा खटका असेल तर फुटलेल्या छर्ऱ्याचा संशय घ्यावा. कारण हबमधले छर्रे चाकाबरोबर न फिरता त्याच्या सुमारे निम्म्या वेगाने फिरत असतात.

तिसरा प्रश्न: चाक हवेत उचलून फिरवले तर आवाज येतो का? आला, तर घासणारी वस्तू किंवा हब. हवेत शांत आणि माणूस बसला की कुरकुर, असे असेल तर सैल तारा, ॲक्सलचे सैल नट किंवा सीट, कॅरियर यांच्याकडे पाहावे.

चौथा प्रश्न: पुढून येतो की मागून? चालवताना कान फसवतात. सायकलची फ्रेम पोकळ नळ्यांची असल्यामुळे मागचा आवाज पुढे ऐकू येतो. म्हणून एका माणसाने चालवावी आणि दुसऱ्याने बाजूने चालत ऐकावे. भाऊ-बहिणींनी मिळून करण्यासारखे हे काम आहे.

कोणता आवाज, कोणते कारण

खसखस, घासल्याचा आवाज: प्रत्येक फेऱ्यात एकाच जागी घासत असेल तर रिम वाकडी झाली आहे, मिस्त्रींच्या भाषेत चाक "आऊट" झाले आहे. ब्रेकच्या रबराजवळ डोळा लावून चाक हळू फिरवले की रिम कुठे जवळ येते, ते दिसते. सतत घासत असेल तर मडगार्ड, त्याची तार, चेनकव्हर किंवा चाक तिरके बसलेले असू शकते. दहापैकी निम्म्या तक्रारी इथेच मिटतात.

टिकटिक, फेऱ्याला एकदा: टायरमध्ये रुतलेला खडा किंवा टाचणी, व्हॉल्व्हचा सैल नट, नाहीतर मडगार्डला लागणारा टायरचा फुगा. फुगा दिसला तर तो टायर फार दिवसांचा सोबती नाही, हे समजावे.

कुरकुर, वजन पडले की येणारी: दोन तारा जिथे एकमेकींना ओलांडतात, तिथे त्या सैल असल्या की घासतात. प्रत्येक तार बोटाने छेडून पाहावी. ताणलेली तार खणखणीत वाजते, सैल तार भद्द वाजते. एका बाजूच्या तारांची तुलना त्याच बाजूच्या तारांशी करावी, कारण मागच्या चाकात दोन्ही बाजूंचा ताण सारखा असेलच असे नाही. ताण ठीक असूनही कुरकुर असेल तर तारांच्या ओलांडणीवर तेलाचा एकेक थेंब पुरतो.

टण्, एकदाच जोरात: तार तुटली. उतरून पाहावे. तुटलेली तार शेजारच्या तारेभोवती गुंडाळावी, म्हणजे ती चेनमध्ये किंवा चिमट्यात अडकणार नाही. नंतर हळू घरी यावे आणि लवकर बदलून घ्यावी. एक तुटली की तिचा भार शेजारणींवर पडतो.

घरघर, चाक हवेत फिरवतानाही येणारी: हब कोरडा आहे किंवा आत माती गेली आहे. चाक फिरत असताना चिमट्याच्या टोकावर, ॲक्सलजवळ बोट ठेवावे. चांगला हब गुळगुळीत वाटतो, बिघडलेल्याची थरथर बोटाला लागते. बोटे तारांपासून दूर ठेवावीत आणि लहान मुलांना हे करू देऊ नये.

कटकट, खड्ड्यातून जाताना: कोन सैल. रिम धरून आडवी हलवली की खात्री पटते. याच्या उलट कोन फार आवळलेले असतील तर आवाज कमी, पण चाक जड फिरते. त्याची सोपी परीक्षा अशी. पुढचे चाक उचलून अगदी हलकेच सोडावे. ते थांबण्याआधी झोपाळ्यासारखे दोन-चार वेळा मागेपुढे झाले तर हब मोकळा आहे. गपकन थांबले तर आवळलेला आहे.

मागच्या चाकाची टकटक, पायडल थांबवल्यावर: ही बहुधा तक्रार नसतेच. फ्रीव्हीलच्या आत छोटे खटके असतात, मिस्त्री त्यांना "कुत्ते" म्हणतात. ते दात्यांवरून सरकताना वाजतात. हा आवाज म्हणजे सायकलची तबियत ठीक असल्याची खूण. काळजी करावी ती हा आवाज अचानक बंद झाला आणि पायडल मधेच रिकामे जाऊ लागले तर. खटके चिखलाने चिकटले की पाय एकदम खाली जातो आणि चालवणारा पडतो. अशी सायकल रस्त्यावर नेऊ नये.

हब उघडायचा तर

नटाच्या मापाचे पाने, कोनसाठी पातळ पाना, थोडे रॉकेल किंवा डिझेल, ग्रीस, जुने फडके आणि एक ताटली. एवढे सामान घेऊन बसावे, जवळ विस्तव किंवा चूल नको. पहिल्यांदा करताना जाणत्या माणसाला शेजारी बसवावे. पुढच्या चाकापासून सुरुवात करावी. मागच्या चाकाचे फ्रीव्हील काढायला वेगळे हत्यार लागते, ते काम मिस्त्रींचे.

चाक काढून फडक्यावर आडवे ठेवावे, म्हणजे छर्रे घरंगळणार नाहीत. एका बाजूचा नट आणि कोन काढावा. दोन्ही बाजूंचे छर्रे वेगवेगळे ठेवून मोजावेत. साध्या मोठ्या सायकलच्या पुढच्या हबमध्ये बहुतेक वेळा ३/१६ इंचाचे दहा-दहा आणि मागच्यात १/४ इंचाचे नऊ-नऊ छर्रे असतात. काही सायकलींत ते जाळीत बसवलेले असतात. आपल्या सायकलमधून जे माप निघेल तेच घ्यावे. दुकानात जुना छर्रा दाखवावा.

सगळे धुऊन, पुसून कोन उजेडात धरावा. छर्रे जिथून फिरतात तिथे गुळगुळीत चकचकीत पट्टा असेल तर कोन चांगला. बारीक खड्डे पडलेले असतील तर बदलावा. त्यावर कितीही ग्रीस लावले तरी घरघर परत येणार. छर्रे बदलताना एकाआड एक जुने-नवे मिसळू नयेत. झिजलेला छर्रा थोडा लहान होतो, मग सारा भार नव्यांवर येतो. पूर्ण संच फार महाग नसतो.

वाटीत ग्रीस भरून छर्रे बसवावेत, कोन बोटाने फिरवत आणावा. चाक अजिबात हलू नये आणि तरी मोकळे फिरावे, इतकाच आवळावा. आता खरी गोम. बाहेरचा नट कसला की कोनही थोडा आवळला जातो. म्हणून नट कसल्यावर पुन्हा एकदा रिम हलवून आणि चाक झुलवून पाहावे. दोन-तीनदा कमी-जास्त करावे लागले तर कंटाळू नये. मिस्त्रींनाही करावे लागते.

हे करू नये

रिमवर किंवा ब्रेकच्या रबरावर तेल कधीही घालू नये. चीं चीं बंद होईल, पण ब्रेकही लागणार नाही.

हबमध्ये खोबरेल किंवा गोडेतेल घालू नये. खोबरेल तेल साधारण २४ अंशांखाली गोठते, हे थंडीत प्रत्येक घर जाणते. स्वयंपाकाची इतर तेलेही काही दिवसांत चिकट होतात आणि त्यावर धूळ बसते. फ्रीव्हीलला, चेनला आणि तारांच्या ओलांडणीला मशीनचे पातळ तेल, हबच्या छर्ऱ्यांना ग्रीस, एवढे लक्षात ठेवावे.

धुताना पाइपची धार हबवर मारू नये, पाणी आत जाऊन बसते. पावसाळा संपला की वर्षातून एकदा तरी हब उघडून साफ करावेत. सायकल नवी असेल तर पहिल्या महिन्यानंतर तारा आणि कोन तपासून घ्यावेत, कारण नव्या चाकाच्या तारा वापरात थोड्या सैलावतात. मानव विकास कार्यक्रमातून किंवा इतर योजनांतून मुलींना सायकली मिळतात. वाटप होते, फोटो निघतो आणि पुढे पाना लावणारे कुणी नसते. आमच्या विद्यार्थिनीची सायकलही मिळाल्या दिवसापासून एकदाही उघडली गेली नव्हती.

सायकल थांबवावी केव्हा?

रिम धरून हलवल्यावर पुढचे चाक स्पष्ट सरकत असेल, शेजारशेजारच्या दोन तारा तुटल्या असतील, पायडल रिकामे जात असेल, चाक अचानक एका बाजूला कलून फ्रेमला घासू लागले असेल, किंवा पुढच्या चिमट्यातून खटका येत असेल, तर सायकल हातात धरून न्यावी, वर बसू नये. बाकीचे आवाज आठ दिवस थांबू शकतात, हे पाच नाहीत.

हे आम्ही पुस्तकातून शिकलेलो नाही. काही वर्षांपूर्वी आमच्याच सायकलच्या मागच्या चाकातून कुरकुर येत होती. आम्ही तेल घातले, आवाज गेला, आम्ही खूश झालो. आठवड्याने परत आला, परत तेल घातले. तारा सैल होत्या, हे एकदाही छेडून पाहिले नाही. एका संध्याकाळी धाकट्याला कॅरियरवर बसवून बाजारातून येत होतो. उतारावर टण्, टण् असे लागोपाठ दोन आवाज झाले, चाक आठच्या आकड्यासारखे वाकले आणि आम्ही दोघे रस्त्यावर. अल्हम्दुलिल्लाह, मागून गाडी येत नव्हती, खरचटण्यावर निभावले. पण घरी गेल्यावर अम्मींनी जे विचारले, ते आजही विसरलो नाही. त्या म्हणाल्या, "महिनाभर ती ओरडत होती ना रे? मग तू काय ऐकत होतास?"

आपल्याकडे मुले घरातून निघताना सवारीची दुआ पढतात. छान सवय आहे. त्या दुआच्या आधी दोन सेकंद पुढचे चाक हलवून पाहण्याची सवय लागली, तर ती दुआच्या विरुद्ध नाही. एका माणसाने रसूलुल्लाह सल्लल्लाहु अलैहि वसल्लम यांना विचारले होते, की उंट बांधून अल्लाहवर भरवसा ठेवू की मोकळा सोडून? उत्तर मिळाले, की आधी बांध, मग भरवसा ठेव. आपल्या दारातला उंट दोन चाकांचा आहे, इतकाच फरक. आणि दहा-दहा छर्ऱ्यांसाठी आख्खे चाक फेकणे हा इसराफच आहे. तो टाळता येत असेल तर टाळावा.

त्या रविवारनंतर आमच्या शाळेत एक छोटी पद्धत सुरू झाली. शनिवारी सकाळची शाळा सुटली, की सायकलीने येणारी मुले-मुली पंधरा मिनिटे थांबतात. चाक हलवणे, तारा छेडणे, नट पाहणे, ब्रेकचे रबर पाहणे. पाने दोन आहेत, ग्रीसचा एक डबा आहे. मोठे काम निघाले तर मिस्त्रींकडे पाठवतो. पण मूल आता "आवाज येतो" एवढेच सांगत नाही. "पुढचा कोन सैल आहे," असे सांगते, त्यामुळे नवे चाक गळ्यात पडत नाही.

ती मुलगी आता दहावीत आहे. पहिल्या तासाला वेळेवर असते. परवा आम्ही सायकल लावत होतो, तेव्हा ती मागून म्हणाली, "सर, तुमच्या मागच्या चाकाची एक तार भद्द वाजते आहे."

आम्ही छेडून पाहिली. वाजत होती.